काकू, तवा माझ्याकडेच आहे

ती. काकू,
साष्टांग नमस्कार.

फोनवरची अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात असं तुम्ही म्हणता, तेव्हा हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल. मग तिच्याच फोनवर गुपचूप का नाही पाठवलं, असं तुम्ही विचाराल. तर सावरडोच्या, म्हणजे घरीच आंबवलेल्या पिठावर करतात त्या पावाच्या, उरलेल्या पिठाचे पॅनकेक कसे करतोस, असं मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. मी ऐटीत सगळं सांगतो आणि तुमचं नाव घ्यायचं नेमकं राहून जातं. शिवाय मोरीचा गुन्हाही एकदा चारचौघांत कबूल करायचा होता.

एप्रिल २०२४. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आपल्या इमारतीचे पाइप आधीच म्हातारे, त्यात तुम्ही तळमजल्यावर. वरच्या मजल्यांचं सगळं पाप तुमच्याच मोरीशी येऊन थांबायचं. त्या दिवशी ती तुंबली. प्लंबरने तार घातली, पिळली, ओढली, तेव्हा टोकाला एक पांढरट, चिवट, रबरासारखा गोळा लोंबत आला. त्याने तो नाकाशी नेला, "आ शुं छे?" म्हणाला आणि हात लांब केला. मी जिन्यात उभा होतो. ते शुं छे हे मला चांगलं ठाऊक होतं. तीन आठवडे रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी मीच ते बेसिनमध्ये ओतत होतो.

तुम्ही गुडघे सांभाळत दोन मजले चढून आलात. "वरून सिमेंट कोण ओततंय रे?"

मी सांगून टाकलं. सिमेंट नाही काकू, पावाचं पीठ आहे. रोज थोडं फेकावंच लागतं.

"फेकावं लागतं?" तुम्ही एवढंच म्हणालात. आवाज चढवला असतात तर बरं झालं असतं.

ज्यांनी ही बरणी कधी पाळली नाही त्यांना हे फेकण्याचं प्रकरण कळायचं नाही, म्हणून दोन ओळी त्यांच्यासाठी. पीठ आणि पाणी समसमान वजनाने कालवून बरणीत ठेवायचं. पिठात मुळातच असलेलं यीस्ट आणि आंबटपणा आणणारे जिवाणू त्यात वाढतात. रोज थोडं काढून टाकून नवीन पीठ-पाणी घालत राहिलं की आठवडा-दहा दिवसांत ते नेमाने फुगायला लागतं, आणि मग बाजारचं यीस्ट न घालता त्यावर पाव करता येतो. त्यानंतरही त्याला खायला घालावंच लागतं: ५० ग्रॅम जुनं, ५० पीठ, ५० पाणी. काहीच काढलं नाही तर पहिल्या दिवशी १५० ग्रॅम, दुसऱ्या दिवशी ४५०, तिसऱ्या दिवशी १३५०. मी हिशेब लिहिणारा माणूस, चक्रवाढ व्याज मला नवं नाही. पण ते फ्रिजमध्ये मावत नाही. त्यात बडोद्याचा एप्रिल. थंडीत जे फुगायला आठ-दहा तास घेतं ते उन्हाळ्यात तीन-चार तासांत फुगून, बसून, पुन्हा भुकेलं होतं. मी दिवसातून दोनदा खायला घालत होतो, म्हणजे फेकतही दोनदा होतो. व्हिडिओतली मंडळी तसंच करत होती. त्यांच्या खाली कुणी काकू राहत नसाव्यात.

तुम्ही बरणी बघायला मागितलीत. वर करड्या रंगाचं पाणी साचलं होतं. मला वाटलं, बिघडलं. (नंतर वाचलं, की पीठ उपाशी राहिलं की वर असं पाणी सुटतं. त्यात थोडं अल्कोहोल असतं, आणि ते ढवळून आत घेतलं तरी चालतं.) तुम्ही झाकण उघडलंत, वास घेतलात आणि म्हणालात, "आंबोळीचं पीठ दोन दिवस विसरलं की असाच वास येतो. हे विरजण आहे. विरजण कुणी मोरीत ओततं का? दही जास्त आंबलं तर कढी करतात."

काकू, मी तीन आठवडे व्हिडिओ बघत होतो. तापमान, टक्केवारी, जिवाणूंची लॅटिन नावं, सगळं वहीत उतरवलं होतं. हा एक शब्द त्यात कुठे नव्हता. तेव्हापासून आमच्या घरात बरणीतल्या पिठाला कुणी 'स्टार्टर' म्हणत नाही. बायको ऑफिसातून फोन करते तेव्हाही "विरजण बाहेर काढलंस का?" असंच विचारते.

त्याच दिवशी, मोरी अजून नीट वाहायला लागली नव्हती, तोवर तुम्ही खाली जाऊन बिडाचा तवा घेऊन आलात. सोबत वांग्याचं देठ, तेल पुसायला. कोमट दुधात गूळ विरघळवलात. दूध कडकडीत असेल तर गुळाने फाटतं, हे बजावून. (विरजणाच्या आंबटपणाने ते जरासं फाटतंच, पण पिठात गेल्यावर कळत नाही.) वाटीभर विरजण, पाव वाटी ते दूध, दोन चमचे कणीक, चिमूटभर मीठ, हातावर चोळलेली बडीशेप. मी वजनकाटा पुढे केला तर तुम्ही त्याच्यावर झाकण ठेवलंत.

तव्यावर पाण्याचा थेंब नाचला. पाव चमचा सोडा वर भुरभुरवून, चार थेंब पाणी टाकून तुम्ही पीठ एकदाच फिरवलंत. पातेल्यात ते डोळ्यांदेखत फुलून वर आलं. लगेच डावभर तव्यावर. कडेने फुगे आले, मग मध्ये आले, फुटले आणि त्यांची भोकं तशीच उघडी राहिली. मी उलथणं घातलं तर तुम्ही मनगट धरलंत. "वरची चकाकी जाऊ दे." चकाकी गेली, मी उलटायला गेलो आणि अर्धं धिरडं तव्यालाच राहिलं.

"पहिलं तव्याचं," तुम्ही म्हणालात आणि ते खरवडून स्वतःच्या तोंडात टाकलंत.

दुसऱ्याला जाळी पडली. खालची बाजू गुळाने तांबूस झाली होती, कडा कुरकुरीत, आत मऊ, आणि गोडाच्या मागून जिभेवर हळूच येणारा तो आंबटपणा. मुलगा शाळेतून आला, एक खाल्लं आणि म्हणाला, "बाबा, हे पॅनकेक आहेत." तिसऱ्या मजल्यावरच्या बेन लिंबू मागायला आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "आ तो पुडला छे." तुम्ही धिरडं या शब्दावर ठाम. हा वाद आजही मिटलेला नाही. बेन गुळाच्या पुडल्यात मिरी घालतात आणि ते मला आवडलं, हे तुम्हाला आता लेखी सांगतो, कारण तोंडावर सांगायची छाती झाली नव्हती.

तुमच्यामागे मी जे दिवे लावले तेही सांगायला हवेत. पुढच्या रविवारी सकाळची घाई नको म्हणून मी सोडा रात्रीच कालवून ठेवला. सकाळी तव्यावर चामडं पडलं. सोड्याला आंबट भेटलं की वायू तिथल्या तिथे सुटतो. रात्रभर ठेवलं तर तो हवेत गेलेला असतो, तव्यासाठी काही उरत नाही. तुम्ही ऐकून एवढंच म्हणालात, "सोडा घातलास की दाराची बेल वाजली तरी जायचं नाही." त्याच्या पुढच्या वेळी मी शहाणपणाने दुप्पट सोडा घातला. धिरडी झटपट काळपट झाली आणि मुलाने पहिल्याच घासाला जाहीर केलं, "साबण." पिठात जेवढा आंबटपणा तेवढाच सोडा कामाला येतो, वरचा नुसता चवीत उतरतो.

आणखी एक गोष्ट मला तुमच्या तव्यापाशी उमगली. जुन्या विरजणाचा पाव का बसतो याने मी हैराण होतो. आंबटपणा आणि पिठातली पाचकद्रव्यं मिळून गव्हातला चिवटपणा तोडत जातात. पीठ सैल, ओघळणारं होतं. पावाला तासन् तास वायू धरून ठेवायचा असतो, तिथे हे पीठ हात टेकतं. धिरड्याला मिनिटभर धरला तरी पुरे, तोवर तवा त्याला पक्कं करतो. म्हणजे जे पावाला नालायक ते धिरड्याला उत्तम.

पंधरा दिवस फ्रिजमध्ये पडून फारच आंबट झालेलं असेल तर मी गुळाच्या नादी लागत नाही. तांदळाचं पीठ, आलं, मिरची, कोथिंबीर, जिरं. खंडेराव मार्केटमधून कोवळी मेथी मिळाली तर तीही. सोबत लसणाची चटणी.

एकदा मी तुम्हाला क्लोंडाइकची गोष्ट सांगितली होती. १८९६मध्ये तिकडे, कॅनडाच्या वायव्येला, सोनं सापडलं आणि हजारो माणसं बर्फात धावली. त्यांच्या सामानात आंबवलेल्या पिठाची डबी असायची. अलास्कात तर जुन्याजाणत्या माणसाला 'सावरडो' असंच म्हणायला लागले. थंडीत पीठ गोठू नये म्हणून ते डबी अंगाशी धरून झोपायचे, असं सांगतात. मला वाटलं तुम्ही थक्क व्हाल. तुम्ही मेथी निवडता निवडता म्हणालात, "त्यात काय! आम्ही थंडीत इडलीचं पीठ गोधडीत गुंडाळतो. पाव कुठे भाजायचे ते बर्फात?" मी म्हणालो, पाव करायचेच, पण पॅनकेकही खूप करायचे, तव्यावर. "मग धिरडी खायचे म्हण की." आणि विषय संपला.

२०२४च्याच ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली. आपल्या जिन्याच्या दोन पायऱ्या पाण्यात गेल्या. तुम्ही कागदपत्रांची पेटी, देव आणि हा तवा एवढंच घेऊन वर आमच्याकडे आलात. वीज गेलेली. दुसऱ्या दिवशी पहाटे फ्रिज उघडला तर रविवारच्या पावासाठी वाढवून ठेवलेलं मोठ्या बरणीतलं विरजण झाकण ढकलून बाहेर आलं होतं, कोथिंबिरीवर, अंड्यांवर, सगळीकडे. मी डोक्याला हात लावला. तुम्ही पदर खोचलात. गॅस चालू होता, गूळ होता, पिशवीतलं दूध तसंही तासाभरात नासणारच होतं. मेणबत्तीच्या उजेडात चकाकी दिसेना, तर तुम्ही नुसत्या वासावर धिरडी उलटत होतात. बेन डिश घेऊन खाली आल्या, पहिल्या मजल्यावरचे आजोबा वर आले. मी मोजत होतो, सवयच ती, एकतीस झाली. त्या दिवशी पुडला की धिरडं हा वाद कुणी काढला नाही.

आता माझी बरणी लहान आहे. वीसच ग्रॅम विरजण ठेवतो, पाव करायचा असेल त्याच्या आदल्या रात्री वाढवतो. त्यामुळे उरतं कमी, आणि धिरड्यांसाठी कधी कधी मुद्दाम उरवावं लागतं. जे नव्याने बरणी लावतायत त्यांना एक सांगतो: पहिल्या आठवड्यात जे काढून टाकता ते खाऊ नका, त्यात अजून भलतेच जिवाणू नांदत असतात आणि वासही तसाच येतो. गुलाबी-नारिंगी रेघ किंवा बुरशी दिसली तर बरणीच टाका. आणि टाकायचंच तर कागदात गुंडाळून कचऱ्यात. मोरीत नाही. खाली कुणीतरी राहत असतं.

प्लंबरचे पैसे तुम्ही घेतले नाहीत हेही लिहून ठेवतो. तीनदा पाकीट खाली पाठवलं, तीनदा ते धिरड्यांच्या डब्यात घालून परत आलं. आणि त्या दिवशी जिन्यात गोळा होऊन उभ्या राहिलेल्या सगळ्यांना, पाइप जुने आहेत, असंच सांगितलंत. मी तेव्हा गप्प राहिलो, आज बोलतोय.

गेल्या दिवाळीत तुम्ही मुलाकडे वाघोडिया रोडला राहायला गेलात. तिथे सगळं नॉनस्टिक, म्हणून तवा माझ्याकडे ठेवून गेलात, "थोडे दिवस" म्हणून. परवा सूनबाईंचा फोन आला होता, आई तव्याची आठवण काढतायत म्हणून. येत्या रविवारी आम्ही तिघं येतोय. येताना विरजणाची एक लहान बरणी आणतो, कसं जपायचं ते तुम्हाला सांगायची गरज नाही. वांग्याचं देठही आणतो. तव्याचं मात्र नंतर बघू.

तुमचा,
दुसऱ्या मजल्यावरचा सिमेंटवाला