बाग यंदा कराराने दिली आहे

ती. आई-बाबा यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही ठाण्याला यायचं काढलं की बाबा "बघू" म्हणतात आणि आई विषय बाजारातल्या मासळीवर नेते, म्हणून लिहून पाठवतेय. ठाण्यात आमच्या मागच्याच गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या आहेत. डिपॉझिट भरलं. आणि बाबा, रागावू नका, आंब्याची बाग यंदा कराराने द्यायचा शब्द मी बाळूदादाला देऊन बसले आहे. कागदावर सही तुमचीच लागेल. पण मोहोराच्या फवारण्या, राखण, पेट्या भरणं, यातलं काही या वर्षी तुमच्या डोक्यावर नाही. कोजागिरी झाली की तुम्ही दोघं इकडे यायचं.

एवढं काय झालंय, असं म्हणाल. गणपतीत घर माणसांनी भरलेलं आणि संडास एकच. पाहुण्यांसमोर सारखं उठून जावं लागतं म्हणून बाबांनी लिव्हरच्या आजारासाठी दिलेलं लॅक्टुलोजचं औषध परस्पर बंद केलं, आईलाही सांगितलं नाही. मग दुपारभर झोप आणि रात्री पडवीत फेऱ्या. आणि त्या संध्याकाळी आरतीत पहिलं कडवं संपलं की बाबा पुन्हा पहिलंच धरायचे. हातातलं तबक कलत होतं, तेल पाटावर सांडत होतं, आणि ज्यांना सगळ्या आरत्या पाठ त्यांना ते कळत नव्हतं. सगळे म्हणाले, जागरणाने झालं असेल. जागरणाने नव्हतं झालं, बाबा. आतड्यात तयार होणारा अमोनिया लिव्हरला आता गाळता येत नाही, तो रक्तातून मेंदूपर्यंत पोचतो. ते औषध पोट साफ ठेवून तो बाहेर काढतं. दिवसातून दोन-तीनदा मऊ शौचाला होणं हा औषधाचा त्रास नव्हे, ते लागू पडल्याची खूण आहे. रत्नागिरीला डॉक्टरांनी पोटातलं थोडं पाणी सुईने काढून तपासलं तेही याचसाठी, त्या पाण्यात जंतू झाले तरी माणूस असाच भ्रमतो. पाणी स्वच्छ निघालं आणि एनिमा, औषध सुरू झाल्यावर तुम्ही नर्सला आंब्याचे भाव सांगायला लागलात, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

येताना गाडीत तुम्ही विचारलंत, "खरं सांग, किती?" आईलाही कळू दे म्हणून इथे लिहिते. सिरॉसिस, म्हणजे लिव्हर निबर होण्याचा हा तुमचा आजार, नुसता असतो तेव्हा निम्मे लोक १२ वर्षांहून जास्त काढतात. पोटात पाणी होणं, रक्ताची उलटी, असा भ्रम, यातलं काही झालं की आजार पुढच्या टप्प्यात जातो, आणि तिथे निम्म्या लोकांच्या बाबतीत हा आकडा दोन वर्षांच्या आसपास येतो. पण हे सगळ्यांचं मिळून काढलेलं गणित आहे, तुमच्या कपाळावर लिहिलेलं नाही. मूळ कारण आटोक्यात आलं तर काही लोकांचं पाणी ओसरतं, लिव्हर पुन्हा सावरतं. तुमची साखर गेल्या वर्षापेक्षा केवढी चांगली आहे. म्हणूनच मला आत्ताच सगळं करायचंय, थांबून नाही.

मला खरी भीती अंतराची आहे. दुर्बिणीत अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या दिसल्या होत्या, आठवतं? त्यातली एखादी फुटली तर रुग्णालयात पोचल्यापासून १२ तासांच्या आत दुर्बीण घालून तिला रक्त थांबवायला रबरी बँड लावायचा असतो. जयगडहून रत्नागिरी गाठायलाच तासाच्या वर लागतो, आणि रात्री दोनला बँड लावणारे डॉक्टर तिथे हाताशी असतीलच असं नाही. पावसाळ्याचं तर बोलायलाच नको. २०२१च्या जुलैत चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा रस्ताही बंद आणि कोकण रेल्वेही बंद. त्या आठवड्यात आपल्यावर वेळ आली असती तर? रक्तदाबाची म्हणून जी छोटी गोळी देतात ना, ती त्या शिरांमधला दाब कमी करायला आहे. बीपी बरं आहे म्हणून ती सोडायची नाही.

वाडीत कोण काय कुजबुजतं ते मला ठाऊक आहे. आयुष्यात थेंबाला न शिवलेल्या माणसाबद्दल "पिऊन झालं असेल" म्हणतात. साखर आणि लिव्हरवरची चरबी, दोन्ही वर्षानुवर्षं गपचूप काम करत राहिली, एवढंच. आणि ज्यांना दारूने होतं त्यांचंही पोट असंच फुगतं, त्यांच्याही घरचे असेच घाबरतात. आई, तू लोकांना खुलासे देत बसू नकोस.

सहावीत मला कावीळ झाली होती, तेव्हा बाबा रोज सकाळी मला खिडकीपाशी उभं करायचे आणि म्हणायचे, "डोळे दाखव." मी रडायला लागले की उसाच्या रसाचं आमिष. आता व्हिडिओ कॉलवर मी म्हणते "बाबा, डोळे दाखवा" आणि तुम्ही फोन छताकडे करता. असं नका करू ना. मला फक्त बघायचं असतं.

आई, आता तुझ्यासाठी. यातलं काही "एक दिवस चालतं" म्हणून सोडायचं नाही. दिवसभराचं मीठ सगळं मिळून एक सपाट चमचा, छोटा. सुकट, खारे बोंबील, पापड, लोणचं, खारट आगळ (कोकमाचा रस) घालून केलेली सोलकढी, सगळं बंद. बाजारात मिळणारं कमी सोडियमचं मीठ आणू नकोस, त्यात पोटॅशियम असतं, आणि बाबांच्या पाणी उतरवायच्या एका गोळीने ते आधीच वाढतं. म्हणून शहाळंही रोज नको, डॉक्टरांना विचारू. मासे मात्र बंद करू नकोस! कुणीतरी प्रथिनं तोडायला सांगितली, ते जुनं झालं. दर किलो वजनामागे १.२ ते १.५ ग्रॅम लागतात, नाहीतर अंगावरचं मांस झडतं, हात बघ त्यांचे. ताजा बांगडा, सुरमई, अंडं, डाळ द्यायची. तिसऱ्या, कालवं अर्धकच्ची अजिबात नाहीत, आणि पायाला जखम असताना खाडीत उतरायचं नाही, त्या पाण्यातले काही जंतू अशा रुग्णांना जिवावर बेततात. रात्री झोपताना दूध-नाचणी किंवा वाटीभर उकड्या तांदळाची पेज, कारण रात्रभर पुरेल एवढी साखर त्यांचं लिव्हर साठवू शकत नाही.

गुडघ्यासाठी ब्रुफेन, डायक्लो काही नाही. झोपेची अर्धी गोळी तू प्रेमाने देतेस, ती त्यांना पुन्हा भ्रमात नेऊ शकते. आणि गुळवेलीचा काढा ओतून टाक. कोविडच्या काळात तो घेणाऱ्या काही लोकांचं लिव्हर बिघडल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली आहे.

इथलं सगळं बघितलंय. कमोड आहे, धरायला दांडी बसवून घेतली. बाबांची खाट खिडकीशी, रेडिओ ठेवायला फळी. मासेवाली दारावर येते, उकडे तांदूळ कोपऱ्यावरच्या मालवणी दुकानात मिळतात. तुळशीला ऊन येतं, मी सकाळी जाऊन पाहून आले. गाय बाळूदादा सांभाळेल. दर सहा महिन्यांची सोनोग्राफी चुकवायची नाही, लिव्हरमध्ये गाठ धरली तर ती लवकर कळते, आणि ती इथून रिक्षाने होईल.

लिव्हर बदलायच्या तपासणीची वेळही घेतली आहे. फक्त तपासणी. यादीत नाव लागलं तर बोलावणं येताच काही तासांत पोचावं लागतं, तेही गावाहून जमणार नाही. लिव्हर देणारी म्हणून माझं नाव काढताच बाबा ताटावरून उठले होते, म्हणून ते आत्ता काढत नाही. पण अवयवदानाच्या १९९४च्या कायद्यात मुलगी जवळच्या नात्यात येते, आणि देणाऱ्याचं लिव्हर काही महिन्यांत जवळजवळ पूर्ववत वाढतं, एवढं वाचून ठेवा. बाकी डॉक्टरांसमोर बसून बोलू.

येताना रिपोर्टांची निळी पिशवी, दुर्बिणीच्या सीडीसकट, आई तुझ्या हातात ठेव, डिकीत नको. तोपर्यंत रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करायचं आणि कॅलेंडरवर लिहायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, ताप आला, शौचाला काळं झालं किंवा बाबा बोलताना अडखळले, तर मला फोन नंतर, आधी गाडी.

तुमची,
सुमी