डबा बदलला म्हणजे खाद्य बदलले असे नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरच्या मत्स्यालयाविषयी जे मार्गदर्शन छापून येते त्यात फिल्टर, दिवे, पाणी बदलणे यांवर पुष्कळ मजकूर असतो. खाद्याच्या वाट्याला मात्र बहुतेक वेळा एकच वाक्य येते: 'माशांना पेलेट (खाद्याचे दाणे) आलटून पालटून द्या.' सल्ला चुकीचा नाही, अर्धवट आहे. वाचणारा लाल डब्याशेजारी हिरवा डबा आणून ठेवतो आणि दोन्ही डब्यांमागे घटक तेच असतात, क्रमही तोच. ब्रँड बदलतो, माशाच्या पोटात जाणारा माल बदलत नाही.

आलटून पालटून द्यायचे ते एवढ्यासाठी, की कोणतीही एक पाककृती परिपूर्ण नसते. तिच्यात एखादे जीवनसत्त्व किंवा मेदाम्ल कमी असेल, तर ती उणीव रोज त्याच माशाच्या वाट्याला येते. शिवाय वर्षभर एकच दाणा खाल्लेला मासा दुसऱ्या दाण्याला अनेकदा तोंड लावत नाही, आणि तो दाणा बाजारातून गायब झाला की मालकाची धावपळ होते. म्हणून दोन खाद्यांचा मुख्य घटक वेगळा हवा: एकात फिश मील (वाळवलेल्या माशांचे पीठ) किंवा क्रिल (कोळंबीसारखा छोटा समुद्री जीव), दुसऱ्यात स्पिरुलिना (एक प्रकारचे हिरवे शेवाळ) व वनस्पती, किंवा कीटकांच्या अळ्यांचे पीठ. हे डब्याच्या पुढच्या चित्रावरून कळत नाही, मागचे बारीक अक्षर वाचावे लागते.

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. यातली पहिली मेख पाण्याची. 'ताजा मासा' पहिल्या क्रमांकावर दिसला की ग्राहक खूश होतो. पण ताज्या माशात सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असते. मिश्रणात ४० ग्रॅम ताजा मासा आणि ३० ग्रॅम गव्हाचे पीठ असेल, तर वाळल्यावर मासा उरतो साधारण १० ग्रॅम आणि पीठ २६ ग्रॅमच्या आसपास. यादीत पहिला मासा, दाण्यात पहिले पीठ. फिश मील हे आधीच वाळवलेले असल्यामुळे यादीतले त्याचे स्थान जास्त खरे असते. दुसरी मेख फोडणीची, म्हणजे एकच धान्य फोडून लिहिण्याची: गव्हाचे पीठ, गव्हाचे ग्लुटेन, गव्हाचा कोंडा अशा तीन नोंदी केल्या की प्रत्येक नोंद खाली सरकते. तिन्ही मनात एकत्र करून यादी पुन्हा लावून पाहावी. पीठ असणे हा गुन्हा नाही. स्टार्चसारख्या चिकट घटकाशिवाय दाणा बांधला जात नाही, पाण्यात पडताच त्याचा भुगा होतो. पण पिठाचे काम दाणा बांधण्याचे आहे, पोट भरण्याचे नाही.

प्रथिनांच्या आकड्यालाही भुलू नये. डब्यावरचे 'क्रूड प्रोटीन' प्रत्यक्ष मोजत नाहीत. नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणतात. पिसांच्या पिठातला नायट्रोजनही त्यात धरला जातो, मग माशाला तो पचो वा न पचो. म्हणून ४५ टक्के लिहिलेले खाद्य ३८ टक्क्यांच्या खाद्याहून कमी दर्जाचे निघू शकते. राखेचे, म्हणजे खाद्य जाळल्यावर उरणाऱ्या खनिजांचे, प्रमाण १२ टक्क्यांच्या वर गेले असेल, तर हाडे-खवल्यांचा भरणा जास्त आहे असे धरून चालावे. क जीवनसत्त्व बहुतेक माशांना स्वतः तयार करता येत नाही आणि त्याच्या अभावी कणा वाकतो, जखमा भरत नाहीत. साधे अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल (क जीवनसत्त्वाचे नेहमीचे रूप) दाणे बनवताना उष्णतेने आणि नंतर साठवणीत नष्ट होत जाते. यादीत 'अ‍ॅस्कॉर्बिल-२-पॉलिफॉस्फेट' किंवा त्या जातीचे नाव असेल, तर निर्मात्याने टिकाऊ रूप वापरले आहे.

कोणत्या माशाला काय, हे ठरल्याशिवाय अदलाबदल धोक्याची ठरते. फायटर (बेटा) हा कीटकभक्षी मासा. त्याला क्रिलचा आणि अळ्यांचा असे दोन प्रकार आलटून द्यावेत. 'हिरवे खाद्य आरोग्याला चांगले' म्हणून स्पिरुलिनाप्रधान दाणे त्याच्या माथी मारू नयेत. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले म्बुना हे सिक्लिड कुळातले मासे याच्या उलट. खडकांवरचे शेवाळ आणि त्यातले बारीक जीव खरवडून खाणाऱ्या या माशांचे आतडे लांब असते. त्यांना ऑस्कर या मांसभक्षी सिक्लिडचे मांसप्रधान दाणे 'बदल म्हणून' सुरू केले की पोट फुगणे, खाणे सोडणे आणि मरणे हा क्रम सिक्लिड पाळणाऱ्यांच्या चांगल्या ओळखीचा आहे. त्यांची दोन्ही खाद्ये वनस्पतिप्रधानच हवीत, फक्त पाककृती वेगळ्या. गोल्डफिशला खरे जठरच नसते. अन्न थेट आतड्यात जाते. त्यामुळे ३० ते ४० टक्के प्रथिनांचे दाणे थोडे थोडे करून दोन-तीन वेळा द्यावेत. पाणी १५ अंशांच्या खाली गेले की मात्रा कमी करून गव्हाच्या अंकुराचे, पचायला हलके खाद्य, आणि १० अंशांच्या खाली काहीच नाही. कॉरी आणि सकर हे मासे तळाशी खातात, त्यांना बुडणारे दाणे दिवा मालवल्यावर द्यावेत. कॉरी हा शाकाहारी सफाई कामगार नव्हे. त्याला प्रथिने लागतात आणि वरून पडलेल्या उष्ट्यावर तो जगतो हा समज त्याला उपाशी मारतो.

टेट्रा, गप्पी, कॉरी अशा मिश्र टाकीसाठी आठवड्याचा साधा हिशेब पुरतो: चार दिवस मासा किंवा क्रिलप्रधान खाद्य, दोन दिवस स्पिरुलिनाप्रधान, एक दिवस उपास. उपास मोठ्या, निरोगी माशांना, पिल्लांना नाही. घरात दोन, फार तर तीन डबे उघडे असावेत. सहा डबे उघडून रोज नवा दाणा टाकणे ही हौस झाली, आणि त्यात प्रत्येक डबा संपण्याआधी खवट होतो.

नवे खाद्य एकदम सुरू करू नये. पहिले तीन-चार दिवस पाव हिस्सा, पुढे निम्मा, असे करत आठवडा-दहा दिवसांत पूर्ण मात्रेवर यावे. दोन्ही दाणे एकत्र टाकले तर मासे ओळखीचा दाणा वेचतात आणि नवा तळाशी कुजतो. त्यापेक्षा उपासाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, भूक असताना, आधी नवा दाणा टाकावा. दोन नवी खाद्ये एकाच आठवड्यात सुरू केली आणि पोट बिघडले, तर दोष कोणाचा हे कळायला मार्ग राहत नाही. दाणा तोंडात घेऊन बाहेर टाकणे म्हणजे नापसंतीच असे नाही. गोल्डफिशचे दात घशात असतात, तो दाणा चघळत, उलटसुलट करत खातो. प्रत्येक दाणा तीन-चारदा बाहेर येत असेल तर मात्र तो मोठा किंवा कडक आहे. दोन-तीन मिनिटे टाकीच्या पाण्यात भिजवून द्यावा. तासभर भिजवण्यात अर्थ नाही, विरघळणारी जीवनसत्त्वे त्या पाण्यात उतरून जातात.

सर्वांत जास्त गफलत होते ती दाण्याच्या आकारात, आणि तीही खाद्य बदलतानाच. एक मिमीचे दहा दाणे देणारा माणूस दोन मिमीच्या डब्यातूनही दहाच मोजतो. व्यास दुप्पट झाला की आकारमान आठपट होते. म्हणजे त्याने एका दिवसात मात्रा आठपट केली. यावर उपाय सोपा आहे. मिलिग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्यावा, शंभर दाणे मोजून तोलावेत आणि एका दाण्याचे वजन डब्यावर लिहून ठेवावे. मोठ्या माशाला दिवसाला शरीराच्या वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास कोरडे खाद्य पुरते. २० ग्रॅमच्या गोल्डफिशला ०.२ ग्रॅम, तेही विभागून. 'दोन मिनिटांत संपेल तेवढे' हा नियम टेट्रासाठी ठीक आहे. गोल्डफिश दोन मिनिटांत दोन दिवसांचे खातो.

जास्तीच्या दाण्याची किंमत पाणी चुकवते. ४० टक्के प्रथिनांच्या एक ग्रॅम खाद्यात ०.४ ग्रॅम प्रथिने, म्हणजे साधारण ६४ मिलिग्रॅम नायट्रोजन. हा ग्रॅम तळाशी पूर्ण कुजला, तर १०० लिटरच्या टाकीत प्रत्येक लिटरमागे ०.६ मिलिग्रॅमहून जास्त नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने येतो. मुरलेला, म्हणजे उपयोगी जीवाणू वाढलेला, फिल्टर तो पचवतो, नव्या टाकीतला नाही. पीएच ७ असेल तर त्यातला बहुतांश भाग अमोनियम या कमी विषारी रूपात असतो, त्याचा त्रास कमी. पीएच ८ झाला की विषारी अमोनियाचा वाटा जवळजवळ दसपट होतो. म्हणून तेवढ्याच उष्ट्याने एका घरी मासे नुसते सुस्त होतात आणि दुसऱ्या घरी दगावतात.

साठवणीचे थोडक्यात: माशाच्या तेलाला हवा, ऊन आणि ओल तिन्ही सोसत नाहीत. तीन-चार महिन्यांत संपेल एवढाच डबा घ्यावा, उघडल्याची तारीख झाकणावर लिहावी, ओली बोटे आत घालू नयेत. मोठा डबा स्वस्त पडतो म्हणून घेतलाच, तर छोट्या हवाबंद पुड्या करून फ्रीझरमध्ये ठेवाव्यात आणि पुडी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी, नाहीतर आत दव धरते आणि बुरशी येते. खवट किंवा कुबट वास आलेले खाद्य टाकून द्यावे. बुरशीचे विष दाणे पुन्हा वाळवल्याने जात नाही.

निर्मात्यांकडून दोन गोष्टींची अपेक्षा आपल्या स्तंभातून नोंदवावीशी वाटते. काही डब्यांवर फक्त 'अमुक तारखेपूर्वी वापरा' एवढेच असते; त्यासोबत उत्पादनाची तारीख छापावी, कारण क जीवनसत्त्व किती उरले असेल याचा अंदाज त्यावरूनच येतो. आणि 'मासे व मत्स्यजन्य पदार्थ' असे मोघम लिहिण्याऐवजी पहिल्या तीन घटकांची नावे व टक्केवारी द्यावी. तोपर्यंत दुकानात दोन डबे पाठीला पाठ न लावता, पाठी आपल्याकडे करून शेजारी धरावेत. पहिले तीन घटक सारखेच निघाले, तर एकच घ्यावा.

आपला,
एक मत्स्यपालक वाचक