बरळणारा मजूर प्यालेलाच असतो असे नाही

संपादक महोदय,

मी चंद्रपुरात सत्तावीस वर्षे गवंडीकाम करतो. गेल्या मे महिन्यात माझ्याच साइटवर घडलेली गोष्ट सांगतो. चूक माझी होती.

स्लॅबचा दिवस होता. मिक्सर सुरू झाला की मध्ये थांबता येत नाही. दुपारी एकच्या सुमारास घमेली उचलणारा एक पोरगा अडखळायला लागला, काहीबाही बरळू लागला. हात धरला तर अंगावर धावून आला. मला वाटले, पिऊन आलाय. रागारागाने पत्र्याच्या शेडमध्ये निजवला. ती शेड भट्टीसारखी तापली होती, तेही सुचले नाही. अंगाला घाम होता, म्हणून ऊन लागल्याची शंकाच आली नाही.

गलका ऐकून शेजारच्या नर्सबाई आल्या. अंगाला हात लावताच म्हणाल्या, "मिस्त्री, हा प्यालेला नाही. क्युरिंगचा पाइप आणा, आणि १०८ ला फोन लावा." आम्ही बिचकलो. तापल्या अंगावर गार पाणी घातले तर माणूस दगावतो, असेच ऐकत आलो होतो. बाईंनी त्याला बाहेर सावलीत आणवले, सदरा काढला, डोक्यापासून पायापर्यंत पाणी सोडले, दोघांना प्लायच्या तुकड्यांनी वारा घालायला लावले. कोणी ग्लास तोंडाला लावायला गेला, त्याला अडवले. शुद्ध नसताना पाणी श्वासनळीत जाते. गाडी येईपर्यंत पाइप बंद केला नाही. पोरगा वाचला.

शरीर आतून ४० अंशांपलीकडे गेले की मेंदूवर परिणाम होतो, म्हणून माणूस बरळतो, आणि तापाच्या गोळीने हा ताप उतरत नाही, हे बाईंकडून कळले. पोरगा लग्नासाठी पंधरा दिवस गावी राहून आला होता, कामाचा तिसराच दिवस. मोडलेली उन्हाची सवय परत व्हायला काही दिवस लागतात. मी त्याला सरळ स्लॅबवर चढवले होते.

आता मी उन्हाळ्यात स्लॅब पहाटे चारला सुरू करतो. घरमालकांनी त्यासाठी शेजाऱ्यांची समजूत काढावी.

आपल्या पेपरात रोज तापमान छापून येते. त्याच्याखाली मे संपेपर्यंत एवढे छापा: उन्हात काम करणारा बरळला, तर आधी सावली, अंगभर पाणी आणि वारा, लगेच १०८.

— एक गवंडी, चंद्रपूर