जिन्याखालचं भंगार आणि ई-कचरा

प्रति,
मा. अध्यक्ष व कमिटी सदस्य,
सहकारी गृहनिर्माण संस्था, पाथर्डी फाटा, नाशिक

विषय : सोसायटीत ई-कचरा वेगळा गोळा करण्याबाबत

महोदय,

बी विंगच्या जिन्याखाली, मीटर बॉक्सला अगदी खेटून, एक जुना डबा टीव्ही, वायरींचं भेंडोळं आणि भिंतीला टेकवलेल्या जळक्या ट्यूबलाइट पडून आहेत. कुणाचं म्हणून विचारलं तर प्रत्येक जण वरच्या मजल्याकडे बोट दाखवतो. दिवाळीच्या साफसफाईत त्यात भर पडणारच, म्हणून आत्ताच लिहितो आहे.

माहिती द्या, पोस्टर लावा, असं मी म्हणत नाही. मागचं पोस्टर लावलं, तर त्यावर आपणच पार्किंगची नोटीस चिकटवली. वस्तू द्यायची कुठे, हा खरा प्रश्न आहे. सोय नाही म्हणून जुना मोबाइल ड्रॉवरमध्ये पडून राहतो, नाहीतर ओल्या-सुक्याबरोबर घंटागाडीत जातो. लिथियम बॅटरी दाबली गेली किंवा तिला भोक पडलं तर पेट घेते. पुरीसारखी फुगलेली असेल तर विचारूच नका. ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पारा असतो. त्या फुटल्या तर त्रास पहिल्यांदा आपल्या सफाईवाल्या मावशींना.

भंगारवाल्यावर माझा राग नाही. तो किलोने पैसे देतो, आणि त्याला हवं असतं तांबं. पण ते काढायला वायरी जाळल्या की प्लास्टिकच्या धुरातून डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं हवेत जातात. टीव्हीची पिक्चर ट्यूब फोडून कॉइल काढली की शिशाची काच कुठल्या तरी मोकळ्या प्लॉटवर पडते. २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला; रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद त्यातल्या जेमतेम २२ टक्क्यांची.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनुसार हा माल नोंदणीकृत रिसायकलरकडेच जायला हवा. आपल्या भागात असे कोण आहेत, हे सातपूरच्या उद्योग भवनातल्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात विचारता येईल. येणाऱ्याची नोंदणी बघूनच माल द्यावा आणि वजनाची पावती घ्यावी.

तोवर वॉचमनच्या केबिनमागे कुलूपबंद पेटी ठेवावी. बॅटऱ्यांना वेगळा डबा, टोकांवर चिकटपट्टी लावून. ट्यूबलाइट खोक्यात, उभ्या. मोबाइल देताना लोक कचरतात ते फोटो आणि बँकेच्या माहितीपायी, आणि ती भीती रास्त आहे. सिम आणि मेमरी कार्ड काढून फॅक्टरी रीसेट करून द्यायला आपल्या इमारतीतली कॉलेजची मुलं एखाद्या रविवारी बसतील. मी विचारलं आहे, तयार आहेत.

खर्च फक्त पेटीचा. मालाचे जे काही पैसे येतील ते सफाई कर्मचाऱ्यांच्या दिवाळी बोनसमध्ये घालावेत, ही माझी सूचना. कमिटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये हा विषय घ्यावा, आणि जिन्याखालची जागा मात्र मीटिंगची वाट न बघता मोकळी करून घ्यावी.

कळावे,

आपला,
बी विंगमधील एक सभासद