कारखान्याबद्दल, आणि माझ्या हातांबद्दल

पुणे, २३ नोव्हेंबर

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

दिवाळीत बाबांनी विचारलं, "मग कधीपासून येतोस?" तेव्हा मी मान खाली घालून बसलो. नंतर फोनवर तीनदा सांगायला गेलो आणि तिन्ही वेळा इकडचं तिकडचं बोलून ठेवून दिला. म्हणून लिहितोय. बाबा, कारखाना सांभाळायला मी सोलापूरला परत येणार नाही. ठरवलंय. रागवा, पण पत्र शेवटपर्यंत वाचा.

कामाचा कंटाळा आला म्हणून नाही. पुण्याचं वारं लागलं म्हणूनही नाही. चौथीत असल्यापासून मी कांड्या भरल्यात, मागांच्या खडखडाटात मला अजूनही गाढ झोप लागते. पण दिवाळीआधी तीन दिवस रंगखात्यात उभा राहिलो आणि पाडव्याला मला भाकरी मोडवेना. बोटांच्या पेरांवर चिरा पडल्या होत्या. त्यात शेंगाचटणी गेली आणि डोळ्यांत पाणीच आलं. आईने काही न बोलता ताट ओढून घेतलं, दुधात भाकरी कुस्करली आणि पुढे सरकवली. पस्तिशीच्या मुलाला. बाबा, तुम्ही ते बघून उठून बाहेर गेलात, तेही मी पाहिलं.

लहानपणी हे खाजेचं दुखणं कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीत होतं. आई, तू जुन्या धोतराच्या पिशव्या शिवून रात्री माझ्या हातांना बांधायचीस. खाज उठली की तळहाताने नुसतं दाबून धरायचीस, मला झोप लागेपर्यंत. बाराव्या वर्षी गेलं, आपण सिद्धेश्वराला नारळ फोडला. एकोणतिसाव्या वर्षी परत आलं. मोठेपणी असं उलटतं. काहींना तर पहिल्यांदाच मोठेपणी होतं, असं डॉक्टर म्हणाले. नाव अ‍ॅटोपिक डर्माटायटिस. कातडीचा बांधच कच्चा असतो. आतला ओलावा टिकत नाही, बाहेरचं नको ते आत शिरतं आणि भडका उडतो. आजीचा दमा, ताईच्या सकाळच्या शिंका आणि माझं हे, सगळं एकाच गोतावळ्यातलं. तेव्हा तुला डोहाळ्यात वांगं आवडायचं म्हणून हे झालं, असं कोणी म्हटलं तरी ऐकू नकोस. तुझं काहीही चुकलेलं नाही. आणि हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही, शेजारच्या काकूंनाही सांग.

बाबा, तुम्ही म्हणाल, हातमोजे घाल. घातले. आत सुती मोजे घालूनही पाहिले. घाम साचतो आणि घामानेच जास्त खाज सुटते. तुम्ही म्हणाल, रंग बदलू. पाठीवर पट्ट्या चिकटवून त्याचीही तपासणी करून घेतली. रंगाची अ‍ॅलर्जी निघाली नाही. रंग बदलून भागलं असतं तर मी कधीच आलो असतो. कॉस्टिक, साबण, दिवसभर ओले हात, उन्हाळ्यात ४२ अंशांत वर पुन्हा ती वाफ, हे सगळंच माझ्या कातडीला सोसत नाही. मागाजवळ उभं राहावं तर तूस घामट मानेवर बसते.

मेडिकलमधून न विचारता आणलेली ती मलमाची ट्यूब कपाटात असेल तर आजच फेकून द्या. तसल्या मिश्रणात तगडं स्टिरॉइड असतं. दोन वर्षं लावून माझ्या कोपराची कातडी कागदासारखी पातळ झाली. स्टिरॉइडचं मलम वाईट नाही, पण डॉक्टरांनी दिलेलं, मोजून, ठरलेले दिवस. गल्लीतल्या त्या इंजेक्शनने आठ दिवस बरं वाटलं आणि मग दुप्पट उसळलं, आठवतंय ना?

आता आतून भडका दाबणाऱ्या सायक्लोस्पोरिनच्या गोळ्या सुरू केल्यात. आई, घाबरू नकोस, सध्या दर पंधरा दिवसांनी बीपी आणि किडनीसाठी रक्त तपासतात, आणि या वर्षानुवर्षं घ्यायच्या नाहीत. यावरच डुपिलुमॅब नावाचं इंजेक्शनही आहे, अमेरिकेत २०१७ साली मंजूर झालं, दर दोन आठवड्यांनी घ्यायचं. तो खर्च आज आपल्याला झेपणारा नाही, आणि बाबा, त्यासाठी एकही माग विकायचा नाही. जेवण वेळेवर होतं, खोलीत हवा खेळती आहे, आंघोळ कोमट पाण्याची, अंग ओलसर असतानाच क्रीम चोपडतो. गेल्या आठवड्यात सलग चार रात्री झोपलो. सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके नव्हते.

रंगाचं काम बाहेरून करून घ्या. माग भाड्याने द्यायचे की चालवायचे, हे तुम्ही ठरवा. बिलं आणि जीएसटी मी इथून बघतो, रविवार पूर्ण तुमचा. बोर्डावरचं 'आणि सन्स' मात्र पुसू नका.

बाबा, बीपीची गोळी संपायच्या आधी आणायची, संपल्यावर नाही. आई, पाणी येईल त्या दिवशी कळशा तू उचलायच्या नाहीस. गुडघ्याचा एक्सरे काढलास का? काढ. फोटो पाठव.

गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या जत्रेला येतोय, भोगीच्या आदल्या रात्री, हुतात्मा एक्सप्रेसने. अक्षता सोहळ्याला बाबांच्या बाराबंदीला इस्त्री मी करणार. शेंगाचटणी भरून ठेव, शेंगा मला सोसतात. स्वेटर विणायला घेतला असशील तर ताईला दे, लोकर टोचते. पांघरायला आपल्या मागावरची ती जुनी निळी चादर काढ, धुऊन धुऊन मऊ झालेली.

तुमचा,
बाळू