बैल ठेवले, माणूस कापला

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत सातारा जिल्ह्यातल्या जुन्या शेतीचे फोटो छापलेत, चांगले केलेत. पान घरभर फिरून दुपारी माझ्या हाती आले, तेव्हा त्यावर चहा सांडलेला होता. फोटोखालच्या ओळी तेवढ्या नेमक्या कोरड्या राहिल्या होत्या, म्हणून हा पत्रप्रपंच.

पहिल्याच फोटोखाली लिहिले आहे, 'रहाटाने पाणी काढणारा शेतकरी'. अहो, ती मोट आहे, बैलांनी ओढायची चामड्याची. रहाट घरच्या आडावर, माणसाने हाताने ओढायचा. मोटेला बैल लागतात, जाड दोर म्हणजे नाडा, सोंडेचा बारीक दोर म्हणजे सोंदूर आणि बैलांची उतरती वाट म्हणजे धाव लागते. बैल धावेवरून खाली निघाले की मोटकरी नाड्यावर बसतो, म्हणजे त्याच्या वजनाचा बैलांना हातभार. मोट वर आली की सोंदुराने सोंड थारोळ्यावर, म्हणजे विहिरीच्या काठच्या कुंडावर, ओढली जाते आणि पाणी भसकन पडते. मग बैल मागच्या पावलांनी पुन्हा विहिरीकडे चढतात. हे वाचीव ज्ञान नव्हे. तो फोटो आमच्या विहिरीवरचा आहे. डावीकडच्या आमच्या पवळ्या बैलाचे मोडके शिंग पाहिले आणि ओळखला.

१९५६ साली कोरेगावच्या फोटोवाल्याने काढलेला, घरात एकच. दोन वर्षांपूर्वी कुणी एकाने स्मरणिकेसाठी 'आठ दिवसांत आणून देतो' म्हणून मागून नेला. स्मरणिका आली, फोटो आला नाही. आता तो तुमच्या पानावर उगवला आणि खाली 'संग्रहित'! कुणाच्या संग्रहातला, हे बहुधा विचारायचे नसते.

बरे, निदान अख्खा तरी छापायचा. रकान्यात बसेना म्हणून उजवी बाजू उडवलीत. तिथे नाड्यावर आमचे तात्या बसले होते. डोक्याला मुंडासे, हातात चाबूक, तोंड उघडे. फोटोवाला 'जरा गप्प बसा' म्हणत होता आणि तात्या मोटेवरचे गाणे काही थांबवत नव्हते. तात्यांचा दुसरा फोटो नाही. म्हणजे 'पाणी काढणारा शेतकरी' कापून टाकलात आणि त्याच्या नावाची ओळ खाली ठेवलीत. बैल मात्र दोन्ही शेपटासकट शाबूत. थारोळ्याशी उभा असलेला नागडा पोरगा मी होतो. तो गेला त्याबद्दल तक्रार नाही.

बाकीच्या पानावरही तेच. 'नांगरणी करणारी महिला' म्हणून जी बाई दाखवलीत, तिच्या पुढ्यात तिफण, म्हणजे पेरणीचे अवजार, आहे आणि तिची मूठ चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या वाटीवर, आहे. ती पेरते आहे. मुठीतून बी किती सुटते यावर वर्षाचे पीक, ती मूठ तुम्हाला नांगराची वाटली? किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराखाली तुम्ही १९०० घातलेत. लक्ष्मणरावांचा पहिला नांगर १९०३ चा. लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून लोक घ्यायला तयार नव्हते, पहिले नांगर खपायला दोन वर्षे गेली. तुम्ही तर तो तयार व्हायच्या आधीच शेतात घातलात. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर 'शिवकालीन' झाली आहे. ती शाहू महाराजांच्या काळातली, विरूबाई भोसल्यांनी १७१९ ते १७२४ या वर्षांत बांधलेली. पण जुने दगड दिसले की शिवकालीन म्हणायचे, असा एकूण रिवाजच पडलेला दिसतो.

हे पत्र पूर्ण छापाल अशी आशा करायला मी नवखा नाही. बाजार समितीतल्या वजनकाट्याबद्दल मागे दीड पान लिहिले होते, त्याच्या तीन ओळी छापल्यात, त्यातही वजनकाटा नव्हता. हेही पत्र कापायचे तर कापा, पण एवढे करा. मूळ फोटो कचेरीत असल्यास परत पाठवावा, टपालखर्च मी देईन. मागच्या बाजूला निळ्या शाईत 'पवळ्या, सरज्या' अशी बैलांची नावे आहेत, त्यावरून सापडेल.

आपला,
एक जुना वर्गणीदार
ता. कोरेगाव, जि. सातारा