तुझं बीपी शेवटचं कधी मोजलंस?

डोंबिवली

प्रिय मन्या,

परवा फोनवर म्हणालास ना, "आपल्याला कसला बीपी, आपण काय जाडे आहोत का", तेव्हा गाडीत होतो म्हणून गप्प बसलो. पण अरे मी पण हेच म्हणायचो. ऑफिसात कॅम्प लागला, सगळे रांगेत म्हणून मीपण उभा राहिलो आणि आकडा आला १५८/१०२. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नाही, काहीच नाही! डॉक्टरने लगेच गोळी नाही दिली, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरी मोजून लिहून आण म्हणाले. आणलं, वरचा आकडा एकदाही १४० च्या खाली नाही. आता रोज एक गोळी चालू आहे.

मीठ किती खाता विचारलं तर मी ऐटीत म्हटलं, बेताचंच. शेजारी बसलेल्या हिला हसू आवरेना. रात्रीचा पापड, लोणचं, गाडीत शेवेचं पाकीट, स्टेशनबाहेरचा वडापाव, हे मी धरलंच नव्हतं ना. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत पाहिजे म्हणे, म्हणजे सगळं धरून जेमतेम एक छोटा चमचा. पापडखारात पण सोडियमच असतं हे मला आत्ता कळलं. आईने लगेच सैंधव आणून ठेवलं, तिला कोण सांगणार की तेपण मीठच आहे.

आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या, २०२३ मध्ये छापून आलेल्या पाहणीत देशातल्या ३५ टक्क्यांहून जास्त मोठ्या माणसांना बीपी निघाला, त्यातही शहरात गावापेक्षा जास्त. आपलंच बघ ना, पहाटेची गाडी, दिवसभर खुर्ची, साडेदहाला जेवण, पाच तास झोप, चालणं म्हणजे फक्त प्लॅटफॉर्मचा जिना. त्यात घराण्यात असलं की संपलंच, माझे काका बावन्नाव्या वर्षी अर्धांगाने गेले, आणि तुझ्या बाबांना पण गोळी होतीच की रे. जाडा-बारीक काय घेऊन बसलास.

मशीन घेतलंय, दंडावर बांधायचं. रविवारी येतोयस ना, आल्या आल्या चहा मागू नकोस, सिगरेट तर नकोच. पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, बोललं की आकडा चढतो. तुला पाच मिनिटं गप्प बसणं जमेल का, मला तीच काळजी आहे.

तुझा,
बाळ्या